वाचणारा कोण?

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखनाचे तास सुरू झाले की दोन प्रश्न हमखास येतात: ‘सर, फॉरमॅट काय?’ आणि ‘कितीला आहे?’ दोन्ही रास्त आहेत. ही मुलं बारावीच्या पेपरात ईमेल, रिपोर्ट, भाषण, अपील, मुलाखतीचे प्रश्न, अगदी स्टेटमेंट ऑफ पर्पजसुद्धा लिहून आलेली असतात. पत्ता कुठे, तारीख कुठे, शेवट कसा, सगळं पाठ असतं. पण त्यांनी लिहिलेलं एकही पत्र आजवर कुणाला पोचलेलं नसतं. त्या लेखनाला वाचक एकच, पेपर तपासणारा. आणि त्याला पत्राचं उत्तर द्यायचं नसतं, मार्क द्यायचे असतात.

दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे सेमिस्टरला ३० तास. एवढ्यात काय इंग्रजी सुधारणार, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. व्याकरण एवढ्या वेळात फारसं सुधारत नाही, हे खरंच आहे. पण लिहिण्याआधी वाचणाऱ्याचा विचार करायची सवय लागते, आणि मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे की ती लागली की मुलं आपल्या वाक्यांकडेही जरा बारकाईने बघू लागतात.

आमचं कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. बरीच मुलं नदीपलीकडून येतात, तीही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून. हे बंधारे मुळात पाणी अडवायला बांधलेले. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, पुढच्या पावसाळ्याआधी काढायचे. वरच्या अरुंद स्लॅबचा लोकांनी रस्ता केला. जुलैत चार दिवस धो धो पाऊस लागला की ती स्लॅब पाण्याखाली जाते आणि पलीकडची गावं तिकडेच अडकतात. त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागत नाही. बंधाऱ्यावर पाणी आलं, हा एकच प्रसंग प्रत्येकाने इंग्रजीत पाच तऱ्हांनी लिहायचा: चाचणी बुडाली म्हणून प्राचार्यांना अर्ज, बंधाऱ्याच्या तोंडाशी लावायची सूचना, बातमी, माहिती अधिकाराचा अर्ज, आणि शेवटी स्वतःच्या अनुभवावरचा निबंध.

प्राचार्यांचा अर्ज लवकर उरकतो. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ अशी सुरुवात जवळजवळ प्रत्येक वहीत असते. प्राचार्यांच्या टेबलावर त्या दिवशी असे किती अर्ज येतील, असं विचारलं की मुलं स्वतःच काटछाट करतात. कोणत्या विषयाची चाचणी, कोणती तारीख, आणि नेमकं काय हवंय: फेरपरीक्षा की नुसती नोंद? मागणी दुसऱ्या ओळीत येते आणि अर्ज पाच ओळींत संपतो.

सूचनेला जास्त वेळ जातो. पहिल्या खर्ड्यात ‘इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड टू ऑल’ अशी चार ओळींची लांबण असते. तो कागद आम्ही व्हरांड्यातल्या भिंतीला चिकटवतो आणि एकाला समोरून भरभर चालत जायला सांगतो. ‘हिअरबाय’च्या पुढे कुणाचंच वाचून होत नाही. मग फळ्यावर येतं: ‘वॉटर ओव्हर ब्रिज. डू नॉट क्रॉस.’ इथून खरी चर्चा सुरू होते. गावच्या माणसाला पाटी लागत नाही, तो पाण्याचा रंग बघून परत फिरतो. मग इंग्रजी पाटी कुणासाठी? मोबाइलवरचा नकाशा बघत गाडी घेऊन येणाऱ्या परक्या माणसासाठी. त्याला ‘वेअर’ म्हणून कळणार नाही, म्हणून ‘ब्रिज’ बरा. आणि नुसतं जाऊ नका म्हणून भागेल का? त्याने जायचं कुठून? पर्यायी रस्त्याचं नाव, बाण आणि अंतर, ही तिसरी ओळ मुलंच घालतात. ही ओळ कोणत्याच गाइडच्या फॉरमॅटमध्ये नसते.

बातमीत ‘खूप पाणी’ चालत नाही, फूट सांगावे लागतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात, म्हणून मुलं नुसता ‘४१’ लिहून मोकळी होतात. इंग्रजी बातमी नागपुरात किंवा बेंगळुरूत वाचणाऱ्याला त्यातून काही उमगणार नाही. आपल्याला जे गृहीत आहे ते दुसऱ्यासाठी उलगडून सांगायचं, एवढा एक धडा बातमीतून मिळाला तरी पुरे.

सगळ्यांत कस लागतो तो माहिती अधिकाराच्या अर्जाला. पहिला खर्डा पोटतिडकीने लिहिलेला असतो. दरवर्षी आमचे हाल होतात, पुढारी येतात नि जातात, उंच पूल अजून का बांधला नाही? मग आम्ही २००५चा कायदा काढून बसतो. कलम २(च) वाचतो. या कायद्याने माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख, दस्तऐवज, आदेश, अहवाल. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली स्पष्ट केलं की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं स्पष्टीकरण या व्याख्येत बसत नाही. म्हणजे ‘व्हाय’ने सुरू होणारं वाक्य वायाच गेलं. शिवाय अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, त्यामुळे हालअपेष्टांचा परिच्छेदही गेला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस.

आता तोच प्रश्न नव्याने मांडायचा. या ठिकाणी पूल बांधण्याचे कोणते प्रस्ताव २०१९च्या महापुरानंतर तयार झाले, त्यांच्या प्रती द्याव्यात. प्रत्येक प्रस्ताव कोणत्या तारखेला कुणाकडे पाठवला, ते कळवावं. मंजूर अंदाजपत्रक असल्यास त्याची प्रत द्यावी. एका मुलीने विशेषणं छाटत छाटत अर्ज निम्म्यावर आणला आणि हिरमुसून म्हणाली, ‘सर, ह्यात राग कुठंच दिसंना.’ मी तिला तारखेची ओळ परत वाचायला सांगितली. रागाला उत्तर देण्याची सक्ती कुठल्या अधिकाऱ्यावर नाही; पण फाइल कोणत्या तारखेपासून कुणाच्या टेबलावर पडून आहे, हे कायद्याने सांगावं लागतं. तिचा सगळा राग त्या एका ओळीत होता, आणि तिथे तो कामाला येत होता.

निबंधात उलटं घडतं. अर्जातून काढलेलं सगळं इथे परत येऊ शकतं, तरी पहिलं वाक्य असतं ‘रेन इज अ गिफ्ट ऑफ नेचर’. म्हणून लिहिण्याआधी आम्ही डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला १९०१ सालचा प्रसंग वाचतो. मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुलं, जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडं मोजून स्वतःच हाकावी लागलेली बैलगाडी, रात्रभर न मिळालेलं पाणी. इंग्रजी इतकं साधं की आमच्या वर्गातल्या कुणालाही डिक्शनरी फारशी लागत नाही. मोठे शब्द नसतानाही अंगावर काटा कसा येतो, हे मुलं एकमेकांना विचारतात.

त्यानंतर एका मुलाच्या वहीत तिसऱ्या परिच्छेदात मला हे सापडलं: बंधारा बंद झाल्याने दूध डेअरीचा टेम्पो आला नाही, दोन वेळचं दूध घरातच राहिलं, आईने ते वाया जाऊ नये म्हणून रात्रभर चुलीवर खवा आटवला, आणि त्या धुरात बसून त्याने अशा चाचणीचा अभ्यास केला जी त्याला देताच येणार नव्हती. पाऊस ही निसर्गाची देणगी, हे वाक्य त्याने आपण होऊन खोडलं. खवा पहिल्या ओळीत आला. क्रियापदांचे काळ अजून चुकत होते, पण ते दुरुस्त करून घ्यायला आता तो स्वतः माझ्या टेबलाशी येत होता, कारण ती गोष्ट नीट पोचावी असं त्याला वाटत होतं.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाचं लेखन शिकवणाऱ्यांमध्ये कॅरोलिन मिलर यांचा १९८४चा एक निबंध आजही आधाराला घेतला जातो. लेखनप्रकार त्याच्या बाह्य रूपावरून ओळखण्यापेक्षा तो समाजात कोणतं काम करतो यावरून ओळखावा, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे हे जोतीराव फुल्यांनी शंभर वर्षं आधी करून दाखवलं होतं. १८५५ला ‘तृतीय रत्न’ हे नाटक, १८६९ला शिवाजी महाराजांचा पोवाडा, १८७३ला संवादरूपातली ‘गुलामगिरी’ आणि तिला इंग्रजी प्रस्तावना, १८८२ला हंटर आयोगापुढे इंग्रजीत निवेदन, १८८३ला ‘शेतकऱ्याचा असूड’. आयोगापुढच्या निवेदनात मागण्या मोजूनमापून मांडल्या आहेत: बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ‘असूडा’त तोच माणूस आसूड ओढतो. तळमळ एकच, ऐकणारे वेगळे. वर्गात ही यादी फळ्यावर लिहिली की मुलांना कळतं, आपण करतोय ती काही परदेशी कसरत नाही.

प्रत्येक खर्ड्यासोबत मुलं अर्धं पान जोडतात: हे कोण वाचणार, त्याला आधीच काय माहीत आहे, वाचून त्याने काय करावं, आणि म्हणून मी काय ठेवलं, काय काढलं. वर्षभरातलं सगळ्यांत मोलाचं लेखन माझ्या मते या अर्ध्या पानांत असतं. उद्या कुणी बँकेत जाईल, कुणी ग्रामपंचायतीत, कुणी पत्रकार होईल. तिथले फॉरमॅट वेगळे असतील आणि दर काही वर्षांनी बदलतील. हे चार प्रश्न मात्र सगळीकडे चालतील.

म्हणून परीक्षेकडून माझी एकच मागणी आहे. ‘प्राचार्यांना अर्ज लिहा’ एवढंच विचारून थांबू नका. वाचणारा कोण, त्याच्याकडे वेळ किती आणि अधिकार कोणता, हे प्रश्नात दोन ओळींत सांगा, आणि विद्यार्थ्याने काय वगळलं आणि का वगळलं, यालाही मार्क ठेवा. एवढं केलं तर ‘फॉरमॅट काय?’ या प्रश्नाच्या आधी मुलं ‘वाचणारा कोण?’ हे विचारतील, आणि लेखन शिकवण्याची खरी सुरुवात तिथूनच होते.