आधी समाज, मग देश
ज्यू धर्म स्वीकारून स्थलांतराचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याला इस्रायल माहीत झाला तो ठिबक सिंचनामुळे. आणि धर्मांतर म्हटलं की इथल्या माणसाला आठवतो १४ ऑक्टोबर १९५६चा नागपूरचा दिवस, बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी घेतलेली धम्मदीक्षा. त्यामुळे एखादं कुटुंब ‘आम्ही ज्यू होऊन इस्रायलला जायचं म्हणतोय’ असं बोलू लागलं, की या दोन ओळखींच्या आधारावरच पुढचं चित्र रंगवलं जातं : एक दिवस दीक्षेचा, मग पासपोर्ट, मग पाण्याचं सोनं करणारा देश. या चित्रातल्या बहुतेक गोष्टी चुकीच्या आहेत. चुकीची किंमत पुढे मुलांना, त्यांच्या लग्नाच्या वेळी, मोजावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला गैरसमज दीक्षेचाच. ज्यू धर्मात सामुदायिक दीक्षा नाही, धर्मप्रचारकही नाहीत. धर्म स्वीकारायला आलेल्या माणसाला रब्बायने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, आधी परावृत्त करून पाहावं, अशी जुनी रीत आहे. तरीही जो टिकतो त्याने अभ्यास करायचा, शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, आणि सण पाळायचे, कोशेर आहाराचे नियम अंगवळणी पाडायचे. याला बहुधा वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागतो. शेवटी तीन जणांचं धर्मन्यायालय, म्हणजे बेथ दिन, त्याची परीक्षा घेतं. पुरुषाची सुंता, आणि सगळ्यांसाठी मिकवे या कुंडातलं विधिपूर्वक स्नान झालं की धर्मांतर पूर्ण होतं. त्यातही घरातल्या प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र असतो. पत्नीने धर्म स्वीकारला म्हणून पती आपोआप ज्यू होत नाही. अज्ञान मुलांना आईवडिलांबरोबर घेता येतं, पण वयात आल्यावर ते नाकारण्याचा हक्क त्या मुलांना असतो.

आता यातली खरी अडचण. वर्षभर जे शिकायचं आणि पाळायचं, ते एकट्याने पुस्तक वाचून होत नाही. त्यासाठी आजूबाजूला जिवंत समाज लागतो : शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बोलावणारं घर, प्रार्थनेला लागणारे दहा जण, चूक झाली तर सांगणारं कुणीतरी. नांदेड-लातुरात सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, नाही. महाराष्ट्रातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, कोकणपट्टीतले. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा वंश तेल गाळत गावोगाव पसरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते ‘शनिवार तेली’. पुढे ते मुंबई, ठाणे, पुण्याकडे गेले. निजामाच्या मराठवाड्यात त्यांची मोठी वस्ती झाली नाही. लातूरकरांना त्यातल्या त्यात जवळचं शहर पुणे. तिथे डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं, १८६७चं ओहेल डेव्हिड म्हणजे आपलं लाल देऊळ आहे, आणि रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं सुक्काथ शेलोमो आहे. शब्बाथ काटेकोर पाळणारा त्या दिवशी वाहनात बसत नाही, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर घर हवं. तेव्हा अशा कुटुंबाचं पहिलं स्थलांतर तेल अवीवचं नसतंच, ते सिनॅगॉगच्या गल्लीपर्यंतचं असतं. माझ्या मते तेवढं स्थलांतर जमत नसेल, तर पुढच्याचा विचारच करू नये.

‘मग पुण्या-मुंबईतच धर्मांतर उरकू’ हा पुढचा विचार. बेने इस्राएलांकडे शतकानुशतकं प्रार्थना चालवणारे हजान होते, धर्मशास्त्राचा निवाडा देणारे रब्बाय नव्हते. परदेशी धर्मन्यायालय बोलावण्याचा मार्गही सोपा राहिलेला नाही. २००५ मध्ये मिझोराममधल्या, स्वतःला इस्राएलचे वंशज मानणाऱ्या बेने मेनाशे लोकांसाठी इस्रायलहून रब्बाय आले, शेकडोंची धर्मांतरं झाली, भारत सरकारने आक्षेप घेतला आणि इस्रायलने ते काम थांबवलं. तिकडे जाऊन करू म्हणाल, तर इस्रायलमध्ये परदेशी पाहुण्याला सरकारी धर्मांतराच्या अभ्यासाला थेट बसता येत नाही, आधी एका विशेष समितीची परवानगी लागते.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज कागदाचा आहे : ‘एकदा ज्यू असल्याचं प्रमाणपत्र मिळालं की झालं.’ इस्रायलमध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या आहेत. नागरिकत्व देतं गृहखातं, १९५०च्या परतीच्या कायद्याखाली. या कायद्यात १९७० मध्ये व्याख्या घातली गेली : ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला, किंवा धर्म स्वीकारलेला आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. परदेशातल्या मान्य ज्यू समाजात, सुधारणावादी किंवा कन्झर्व्हेटिव्ह पंथाकडूनही झालेलं धर्मांतर त्यासाठी चालतं. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलच्या भूमीवर या पंथांनी केलेली धर्मांतरंही नागरिकत्वासाठी ग्राह्य धरली. पण लग्न लावतं ते मुख्य रब्बायांचं कार्यालय, आणि ते फक्त स्वतःला मान्य असलेली ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ पंथाची, धर्मांतरंच मानतं. इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचं नागरी लग्न नाही. म्हणून हजारो जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परतल्यावर नोंद करतात. कुठल्या बेथ दिनसमोर उभं राहायचं, हा निर्णय म्हणजे वीस वर्षांनी आपल्या मुलीचं लग्न कुठे लागणार याचा निर्णय आहे. सगळं मान्य झालं तरी एक नियम उरतोच : धर्मांतरित स्त्रीचं लग्न कोहेन, म्हणजे पुरोहित कुळातल्या पुरुषाशी, शास्त्राप्रमाणे लागत नाही.

‘एकदा ज्यू झालो की सगळे सारखे.’ शास्त्र खरोखर तसंच सांगतं. धर्मांतरिताला त्याच्या पूर्वायुष्याची आठवण करून देऊन दुखवू नये, असं तालमुद या धर्मशास्त्राच्या ग्रंथात बजावलेलं आहे, आणि दाविद राजाची पणजी रूथ ही मवाबाहून आलेली परकी स्त्री होती. पण शास्त्र आणि शेजार यांत किती अंतर पडू शकतं, ते जन्माने ज्यू असलेल्या आपल्या मराठी माणसांनीच सोसलं आहे. १९५०च्या सुमारास बेने इस्राएल तिकडे जाऊ लागले. काम, घर आणि कातडीचा रंग यांवरून भेदभाव होतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काहींनी धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये त्यांच्यातला एक गट भारतात परतलाही. पुढे १९६२ मध्ये मुख्य रब्बायांच्या कार्यालयाने हुकूम काढला : बेने इस्राएल माणसाचं इतरांशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईवडिलांची, आजीआजोबांची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आधीच्या कुणाचा घटस्फोट किंवा लग्न शास्त्राला धरून होतं का, मधे कुणी बाहेरची बाई घरात आली होती का, असा संशय त्यामागे होता. मुलाबाळांसह माणसं जेरुसलेमला ज्यू एजन्सी या स्थलांतराचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या दारात बसून राहिली. अखेर १९६४च्या ऑगस्टमध्ये सरकारला संसदेची खास बैठक घ्यावी लागली, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं, आणि हुकुमातून त्यांचं नाव वगळलं गेलं. जिंकले ते. पण हा लढा त्यांनी समाज म्हणून लढला. एकटं कुटुंब असं आंदोलन उभं करू शकत नाही, ही गोष्ट धर्मांतरित कुटुंबाने नीट लक्षात घ्यावी.

आणि दुखवणारे नेहमी परकेच असतात असंही नाही. कोकणात बेने इस्राएलांमध्येच ‘गोरा’ आणि ‘काळा’ असे भेद होते. बाहेरच्या बाईपासून झालेल्या मुलांचा वंश ‘काळा इस्राएल’, त्यांच्याशी रोटीबेटी नाही. हा भेद विसाव्या शतकात मागे पडला. त्याची आठवण काढतो ती एवढ्यासाठी की ‘मराठी ज्यू म्हणजे आपलेच, ते लगेच मिठीत घेतील’ हे गृहीत धरू नये.

तरीही मराठी कुटुंबाने आधी त्यांच्याकडेच पाहावं, असं मला वाटतं. दिमोना, बेर्शेबा, अश्दोद, लोद, रामले या गावांत त्यांची वस्ती आहे. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ऐंशी हजारांहून अधिक ज्यू आहेत आणि त्यांत बेने इस्राएल सर्वांत जास्त. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघतं. इलियाहू नबीच्या नावाने मलिद्याचं ताट मांडलं जातं, क्रिकेटचे संघ बहुतांशी याच लोकांचे. नवियाचा सण, दारफळणीचा सण ही ज्यू सणांची मराठी नावं जुन्या बायकांच्या तोंडी आहेत. पण मुलं आणि नातवंडं हिब्रूतच बोलतात, तेव्हा ‘मराठीवर निभेल’ हा हिशेब पहिल्या पिढीपुरताच. शिवाय त्यांची आडनावं गावांवरून : पेणकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. तुम्ही निलंगेकर किंवा देगलूरकर असाल तर ‘हे गाव कुठलं?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येणार. त्याचं उत्तर न लाजता, न लपवता देता आलं पाहिजे.

एकच धर्म म्हणजे एकच समाज नव्हे, हे नांदेडकरांना वेगळं सांगायला नको. हुजूर साहिबच्या परिसरातले दखनी शीख आणि पंजाबातून यात्रेला येणारे शीख एकाच ग्रंथापुढे माथा टेकतात, पण इथली भाषा, इथली आरती आणि शस्त्रपूजेची रीत अमृतसरहून आलेल्याला नवी वाटते. ज्यूंमध्ये हे वेगळेपण त्याहून मोठं आहे. मोरोक्कोचे, रशियाचे, इथिओपियाचे, येमेनचे, कोचीचे, प्रत्येकाची प्रार्थनेची चाल आणि शुक्रवारचं जेवण निराळं.

फक्त स्वतःला इस्राएल मानून भागत नाही, हेही दिमोनातच दिसतं. १९६९ पासून तिथे अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय हिब्रूंचा समाज राहतो. स्वतःला ते मूळ इस्राएल म्हणतात, पण ज्यू म्हणून त्यांना मान्यता मिळाली नाही. कायम वास्तव्याचा हक्क मिळायला २००३ उजाडलं. मणिपूर-मिझोरामच्या बेने मेनाशेंना २००५ मध्ये मुख्य रब्बायने इस्राएलचे वंशज मानलं, तरी प्रत्येकाला रीतसर धर्मांतर करावं लागतं. त्यांचं एक मात्र शिकण्यासारखं आहे. नोफ हगलील, किर्यात अर्बा अशा ठिकाणी ते एकत्र राहतात, त्यामुळे नव्याने येणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी आपल्या भाषेतलं घर मिळतं.

गाव निवडताना लोक भाडं आणि नोकरी पाहतात. ते पाहावंच. दक्षिणेकडच्या गावांत घर स्वस्त, पण काम कमी. गाझाजवळच्या पट्ट्यात रॉकेटचा भोंगा हा अनेक वर्षं जगण्याचा भाग राहिला. १९९२ नंतर बांधलेल्या घरांत संरक्षित खोली सक्तीची झाली, त्यामुळे घर किती जुनं हा प्रश्न तिथे जिवाचा ठरतो. सुरुवातीचे काही महिने सरकार स्थिरावण्याचा भत्ता देतं, उल्पान या भाषावर्गात सुमारे पाच महिने हिब्रू शिकवतात. पण मी विचारायला लावीन ते प्रश्न वेगळे आहेत. इथला रब्बाय आमचं धर्मांतर मानतो का, आणि ते लिहून देईल का? मुलांना सरकारी शाळेत घालायचं की सरकारी धार्मिक शाळेत, आणि धार्मिक शाळा आमच्या कागदांवर प्रवेश देईल का? इथे आधी आलेलं एखादं धर्मांतरित कुटुंब आहे का, आणि पाच वर्षांनंतरही ते इथेच आहे का? त्या कुटुंबाशी, विशेषतः त्यांच्या मोठ्या मुलांशी, एकट्याने बोला. जमलं तर आधी पाहुणे म्हणून एक-दोन शब्बाथ तिथे काढा. प्रार्थनेनंतर तुम्हाला कुणी घरी जेवायला नेलं की तुम्ही तसेच खोलीवर परतलात, यावरून त्या गावाचं बरंच कळतं.

ज्यू झाल्याच्या आधारावर नागरिकत्व मागता येतं ते इस्रायलचंच. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन यांचा व्हिसा ज्यू झाल्याने मिळत नाही. उलट, ज्याला तिथे नोकरी किंवा शिक्षणामुळे जायचंच आहे, त्याला धर्मांतराचा अभ्यास करायला तिथले मोठे, नवख्याला सरावलेले समाज अनेकदा जास्त सोयीचे पडतात.

राहिला घरचा हिशेब, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. अनुसूचित जातीचा दर्जा १९५०च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ज्यू धर्म स्वीकारला की तो जातो आणि त्यावरच्या सवलतीही जातात. वडिलोपार्जित शेतीबाबत, धर्म बदलला म्हणून स्वतःचा वारसा हक्क सुटत नाही. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, वारसा उघडतेवेळी ती हिंदू नसतील तर. इस्रायलचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येता-जाता येईल, वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येईल, नवी विकत घेता येणार नाही.

आणि गावाकडचे आईवडील. परतीचा कायदा ज्यू माणसाच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांना सामावून घेतो, आईवडिलांना नाही. एकट्या पडलेल्या वृद्ध पालकासाठी वेगळी, लांबलचक प्रक्रिया आहे आणि ती प्रत्येकाला लागू होत नाही. लातूरच्या घरात मागे कोण राहणार, दवाखान्यात कोण नेणार, हे भावंडांनी एकत्र बसून ठरवल्यावरच ज्यू एजन्सीच्या अर्जाला हात घालावा.