पक्के तिकीट आणि भरलेले विमान

बंगळुरूच्या पश्चिमेकडील राजाजीनगरापासून देवनहळ्ळीचा विमानतळ चांगलाच दूर. पुण्याचे पहाटेचे विमान गाठावयाचे, तर प्रवाशाला अपरात्रीच घर सोडावे लागते. अशा प्रवाशाला विमानतळावर 'विमान भरले आहे' असे उत्तर मिळाले, तर त्याच्या हातातील पक्क्या तिकिटाचा अर्थ काय?

तिकीट काढलेले काही लोक ऐनवेळी येत नाहीत आणि विमान उडाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. म्हणून कंपन्या पूर्वानुभवावरून आसनांपेक्षा थोडी अधिक तिकिटे विकतात. बहुधा हा अंदाज खरा ठरतो. तो चुकला, म्हणजे त्या चुकीचा भार कोणी सोसावा, हा खरा प्रश्न होय.

भारतात या प्रथेस बंदी नाही. परंतु नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली तिला नियमांची चौकट घातली आणि २०१६ साली भरपाईच्या मर्यादा वाढविल्या. त्यानुसार कंपनीने प्रथम, काही लाभाच्या बदल्यात आपली जागा स्वखुशीने सोडणारे कोणी आहेत काय, हे विचारले पाहिजे. असे प्रवासी पुरेसे न मिळाल्यास, वेळेवर हजर असलेल्या ज्या प्रवाशाला नाइलाजाने मागे ठेवले जाईल, त्याला मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारे दुसरे विमान द्यावे. तसे दिल्यास भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत दिल्यास एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल २०,००० रुपये. म्हणजे भाडे व आकार मिळून ३,५०० रुपये असतील, तर ७,००० अथवा १४,००० रुपये. दुसरे विमान नकोच असेल, तर तिकिटाचे सारे पैसे परत आणि वर चौपटीची ही भरपाई.

नियम आहे म्हणून तो पाळला जातोच, असे मात्र नाही. महासंचालनालयाने बंगळुरू, हैदराबाद व दिल्ली येथे केलेल्या तपासणीनंतर, भरपाईचा नियम न पाळल्याबद्दल जून २०२२ मध्ये एअर इंडियाला दहा लाख रुपये दंड झाला. दंड सरकारजमा होतो. प्रवाशाच्या पदरी त्याची भरपाई पडावयाची, तर त्याला आपला हक्क ठाऊक असला पाहिजे. म्हणून प्रवेश नाकारला गेल्यास निमूटपणे परतू नये. नकाराचे कारण लेखी मागावे, तिकीट जपून ठेवावे आणि वेळेवर पोहोचल्याचा पुरावाही जवळ बाळगावा.