घरातलं गरम पाणी: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

घर बांधायला काढलं की फरशीच्या रंगावर महिनाभर चर्चा होते. गरम पाण्याचं काय, हा प्रश्न मात्र प्लंबर पाइप टाकायला येऊन उभा राहतो तेव्हा निघतो. मग शेजाऱ्यांनी काय बसवलंय आणि दुकानदार काय म्हणतो, यावर निर्णय उरकला जातो. आपल्याकडे घर तापवायची गरज क्वचितच पडते, पण आंघोळीचं पाणी वर्षातले बरेच महिने तापवावं लागतं. या निर्णयात पैसे गुंतलेले असतातच, पण एका ठिकाणी जिवाशी गाठ असते. म्हणून आधी त्याबद्दल.

‘गॅस गीझर स्वस्त पडतो, आणि बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन असला की काळजी नाही.’ यातला स्वस्ताईचा भाग बऱ्याच घरांत खरा ठरतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून पाण्याला मिळणारी उष्णता साधारण १४५ युनिट विजेइतकी भरते. आपला विजेचा दर लावून कोणीही हिशोब करून पाहावा. दुसरा भाग मात्र घातक आहे. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून आठ घनमीटर हवा असते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गीझर दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमहून थोडा जास्त गॅस जाळतो, आणि तेवढ्यासाठी त्याला दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन लागतो. म्हणजे एकाच आंघोळीत पाव बाथरूमची हवा. थंडी म्हणून खिडकी बंद, दार बंद, आणि एकामागून एक माणसं आंघोळीला. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

‘वास आला की कळेलच’ हा त्याच्याच पोटातला दुसरा गैरसमज. सिलिंडरमधल्या गॅसला उग्र वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीनं चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि काहीतरी बिघडलंय हे लक्षात येईपर्यंत कडीपर्यंत हात पोचवायची ताकद उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, त्यात तरुण मुलंमुली असतात, आणि प्रत्येक बातमी वाचताना जीव कळवळतो. कारण हे टाळायला बहुतेक घरांत काही फूट जादा पाइप पुरला असता. हवा आत यायला वाटच नसेल तर एक्झॉस्ट फॅन ओढणार काय? ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सोय गळती थांबवते, पण जळत्या ज्योतीतून निघणारा विषारी वायू थांबवत नाही. गॅस गीझर उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर लावायचा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. पूर्वीचा बंबही बहुधा परसदारीच पेटायचा. अशी जागा नसेल तर गॅस गीझर घेऊच नये, कितीही स्वस्त पडला तरी.

सोलरबद्दलची भीती अगदी उलटी आहे. ‘थंडीत सोलर चालत नाही’ असं सर्रास ऐकू येतं. पाणी तापतं ते उन्हानं, आणि देशावर, मराठवाड्यात, विदर्भात डिसेंबर-जानेवारीत आकाश बहुतेक दिवस निरभ्र असतं. सोलर रुसतं ते आषाढ-श्रावणात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जास्तच. तेवढ्या दिवसांसाठी विजेची सोय हवीच. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, पुण्यासारख्या ठिकाणी २० ते ३० अंशांच्या उतारावर, सावली पडणार नाही असं बसवावं.

सोलर बसवूनही पाणी गरम येत नाही अशी तक्रार असते, तेव्हा दोष बऱ्याचदा पाइपांचा असतो. वीस मीटर लांबीच्या पाऊण इंची पाइपात पाच लिटरहून जास्त पाणी मावतं. सकाळी नळ सोडला की आधी तेवढं गार पाणी वाहून जातं, आणि घरचे सोलरला नावं ठेवतात. बाथरूम एकाखाली एक, टाकी शक्यतो त्यांच्या डोक्यावर आणि पाइपाला उष्णतारोधक आवरण, हे नकाशा काढतानाच ठरवायला हवं. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, सीपीव्हीसी लागतो. बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचतात. तिथे काचेच्या रुंद नळ्यांचं सोलर बरं. आणि ‘सूर्यघर’ योजनेतलं अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही.

विजेच्या बाबतीत ‘इन्स्टंट गीझर वीज वाचवतो’ हे सरसकट खरं नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला कुठल्याही साध्या विजेच्या गीझरला तीन युनिटच्या आसपास वीज लागते. टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर थोडी उष्णता वाया जाते, पण आंघोळीआधी वीस मिनिटं लावला की तो प्रश्न मिटतो. तीन किलोवॅटचा इन्स्टंट मात्र मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर गरम पाणी देतो, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीला नऊ मिनिटं. बेसिनला ठीक, शॉवरला नाही. वीज खरोखर वाचवतो तो हीट पंप: हवेतली उष्णता ओढून तो तेच काम साधारण एक युनिटात करतो, पुण्याच्या थंडीतही. किंमत बरीच असल्यामुळे तो माणसं भरपूर असलेल्या घरातच परवडतो.

एक शेवटचं. ‘एमसीबी आहे, शॉक लागणार नाही’ यावर विसंबू नका. एमसीबी वायरिंग वाचवते. माणसाला वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि तिच्या जोडीला नीट अर्थिंग. दोन्ही गोष्टी इलेक्ट्रिशियनकडून भिंतींना प्लास्टर होण्याआधी लिहून घ्या.