राहती खोली, तोच कारखाना
१२ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच अशी एक खोली घ्या. जागा भरते १,०८० घनफूट. सातव्या एडवर्ड राजाच्या काळातल्या लंडनमध्ये, ज्या भाड्याच्या खोलीत राहणं-झोपणं दोन्ही होई तिथं माणशी ४०० घनफूट जागा हवी, असा बहुतेक ठिकाणी नियम होता. १० वर्षांखालचं मूल अर्धं धरत. नवरा, बायको आणि एक मूल इथवर हिशेब बसतो. दुसरं मूल झालं की तीच खोली बेकायदा! रात्री दार ठोठावून झोपलेली डोकी मोजणारा सॅनिटरी इन्स्पेक्टर हाच हिशेब करत असे.

क्लार्कनवेल, सेंट ल्यूक अशा जुन्या, दाट वस्त्यांचा फिन्सबरी हा लंडनचा बरो, म्हणजे स्थानिक पालिकेचा विभाग, १९०० साली अस्तित्वात आला. लोकवस्ती लाखाच्या आसपास. तिथले आरोग्याधिकारी जॉर्ज न्यूमन यांनी बालमृत्यूचा ध्यास घेतला. १९०४ साली तिथं तान्ह्या मुलांसाठी दूधकेंद्र निघालं, १९०६ साली न्यूमन यांचं बालमृत्यूवरचं पुस्तक आलं.

१९०१ च्या कारखाने कायद्यानं बरोच्या हाती बरंच काही दिलं. लंडनची पावभट्टी अनेकदा तळघरात असे. उजेड गॅसच्या दिव्याचा, हवा रस्त्यालगतच्या जाळीतून येईल तेवढीच, आणि कामगार रात्रभर कणीक मळतोय. बांधणी, उजेड आणि हवा योग्य असल्याचा दाखला नसेल, तर १ जानेवारी १९०४ पासून अशी भट्टी चालवता येईना. हे काम चोख होतं. भट्टीला मालक होता, पत्ता होता, दाखला नाकारता येत होता.

घरी बसून केल्या जाणाऱ्या मजुरीच्या कामाचं तसं नव्हतं. ठरावीक धंद्यांतल्या मालकांनी घरी काम करणाऱ्यांच्या याद्या दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये बरोला द्यायच्या, असा नियम होता. त्या याद्या घेऊन इन्स्पेक्टर जिने चढत. लंडनच्याच केन्सिंग्टन भागानं तर १८९३ मध्येच लूसी डीन आणि रोझ स्क्वायर या दोघींना सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून नेमलं होतं. खोलीत शिरलं की पलंगावर अर्धवट शिवलेले कपडे, टेबलावर खळ आणि पुठ्ठा, तिथंच जेवण, तिथंच आजारी पोर. घरात देवीचा किंवा स्कार्लेट फीवरचा रुग्ण असताना तिथं कपडे शिवायला देणाऱ्या मालकाला दंड होता. गिऱ्हाइकाला रोगापासून वाचवणारं हे कलम शिवणारीची मात्र त्या आठवड्याची मजुरी बुडवायचं. अशा घरानं आजार लपवला तर त्या बाईला दोष देववत नाही.

माझ्या मते या तपासणीची खरी मर्यादा इथं दिसते. इन्स्पेक्टर चुना मारून घेऊ शकत होता, तुंबलेली मोरी दुरुस्त करायला लावू शकत होता, गर्दीबद्दल नोटीस बजावू शकत होता. पण नोटीस मिळालेलं कुटुंब मोठ्या खोलीचं भाडं कुठून आणणार? ते पुढच्या गल्लीतल्या तेवढ्याच खोलीत जाई. मजुरीचा दर ठरवणं बरोच्या हातात नव्हतं.

मे १९०६ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये डेली न्यूज या वृत्तपत्रानं प्रदर्शन भरवलं आणि घरी बसून राबणाऱ्या अशा मजुरांना काम करतानाच लोकांपुढं आणलं. १९०९ च्या ट्रेड बोर्ड्स कायद्यानं चार धंद्यांना किमान मजुरी लागू करायची सोय झाली. त्यांत तयार कपड्यांची शिलाई होती आणि पुठ्ठ्याची खोकीही.