‘ओघवता’ म्हणजे नेमका कसा?

गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीत ऐंशी वर्षांची एक बाई नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. घरचे उठवायला येतात, तशी ती ‘नहीं, नहीं’ करते. म्हणता म्हणता त्या ‘नहीं’चं ‘नई’ होतं आणि नकारातूनच नव्यानं उठण्याची इच्छा डोकावते. डेझी रॉकवेल यांनी इंग्रजीत हा खेळ ‘नो’ आणि ‘न्यू’वर उभा केला. मराठीत ‘नव्हे’ आणि ‘नवे’ जवळचे खरे. पण अंथरुणातली आजी ‘नव्हे’ म्हणत नाही, ‘नको’ म्हणते. इथे अनुवादकाचा कस लागतो.

परीक्षणानं बोट ठेवायचं ते अशा जागांवर.

रॉकवेल यांच्या अनुवादाला, ‘टूम ऑफ सँड’ला, २०२२चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. भारतीय भाषेतल्या पुस्तकाला मिळालेला हा पहिलाच. बक्षिसाचे ५०,००० पौंड लेखिका आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे वाटले गेले. आपल्याकडच्या अनेक परीक्षणांत मात्र सगळी जागा कथानकाला जाते आणि अनुवादकाच्या वाट्याला शेवटचं एक वाक्य येतं: ‘अनुवाद ओघवता झाला आहे.’

शिवाय ओघ हा नेहमीच गुण असतो असंही नाही. २०२५मध्ये हाच पुरस्कार मिळवणाऱ्या बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’मध्ये दीपा भास्ती यांनी इंग्रजी अनुवादात कन्नड शब्द तिरप्या ठशात वेगळे काढले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत. वाचणाऱ्यानं तिथे थोडं अडखळावं, हे ठरवूनच केलेलं आहे. त्याला दोष म्हणायचं की धाडस, हे परीक्षकानं उदाहरण देऊन सांगायला हवं.

मूळ भाषा येत असेल तर आणखी खोल जाता येतं. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. मराठीत ‘मी थांबलो’ की ‘मी थांबले’, यावरून बोलणारा कोण हे लगेच कळतं. जेरी पिंटोंच्या इंग्रजीत क्रियापद ही खूण देत नाही. मग प्रत्येकाचा आवाज कशावरून ओळखू येतो, हे शोधणं फार आनंदाचं असतं.

आणि मूळ भाषा येत नसेल तर? उमा कुलकर्णींनी एस. एल. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या कानानं: पती विरूपाक्ष यांनी वाचलेलं ऐकायचं आणि मराठीत लिहायचं. परीक्षकालाही कान वापरता येतो. एखादा संवाद मोठ्यानं वाचून बघावा. या घरातली सून सासऱ्यांशी अशी बोलेल का? इंग्रजीतून आलेल्या कादंबरीत तर ‘यू’ एकच असतो. नायिका नायकाला कुठल्या पानावर ‘अहो’वरून ‘अरे’वर आणायची, हे अनुवादकानं ठरवलेलं असतं. ते पान परीक्षणात यायला हवं.