हळद राहू द्या, तीळही राहू द्या

नवी मुंबईजवळच्या उलवे, वहाळ, गव्हाण, मोरावे या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत हळदीचा थाट लग्नाला मागे टाकतो. झेंडूच्या माळा पिवळ्या, कपडे पिवळे, मांडवातले दिवे पिवळे आणि मधोमध हळदीनं माखलेला नवरदेव. फोटोग्राफरची खरी परीक्षा याच रात्री असते, आणि दुसऱ्या दिवशी ते फोटो कॉम्प्युटरवर घेऊन बसणाऱ्याची त्याहून मोठी. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स एवढं पिवळं पाहिलं की दिव्याच्या उजेडालाच दोष देतो आणि सगळं चित्र निळ्याकडे ढकलतो. हळद फिकी पडते, कातडी करडी दिसते. हे सावरायला नवशिका माणूस रंगांच्या यादीत ‘यलो’ लिहिलेली पट्टी शोधतो आणि हवी तशी मागेपुढे ओढतो. मागे ओढली की गळ्यातल्या सोन्याची रया जाते, पुढे ओढली की दात पिवळे होतात.

पोर्ट्रेट रिटचिंगच्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘टचिंग’च्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस हरवतो तो असा. बटणं फार असतात हे खरं, पण चेहऱ्यावरचं काय काढायचं आणि काय ठेवायचं हे आधी ठरलेलं नसतं, हे त्याहून खरं. ते ठरलं की शेकडो बटणांपैकी सात-आठच लागतात.

उलव्यात हे काम शिकणाऱ्यांची गरज वाढते आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी रेल्वे उरणपर्यंत गेली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. सिडकोच्या सेक्टरांत नवी कुटुंबं आली, त्यांच्याबरोबर बारसं, साखरपुडा, प्री-वेडिंग आणि ओळखपत्राचे फोटोही आले. घरच्या घरी फोटो साफ करू पाहणारेही पुष्कळ आहेत.

काय काढायचं यासाठी रिटचिंगवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: पंधरा दिवसांनी जे चेहऱ्यावर नसणार, ते काढा, जे असणार, ते ठेवा. मुरूम, दाढी करताना लागलेला काप, डासाचा चावा, घामाची चकाकी, गालावर चिकटलेला केस हे सगळं जाऊ द्या. तीळ, जन्मखूण, लहानपणचा व्रण, हसताना पडणाऱ्या रेषा ठेवा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करा, पुसू नका. तीस टक्के कमी केली तरी माणूस झोप झाल्यासारखा दिसतो. पूर्ण पुसली तर डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात.

हे काम कॉम्प्युटरच्या फार आधीचं आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. पुढे काचेच्या निगेटिव्हचा जमाना आला आणि स्टुडिओत टोकदार पेन्सिल घेऊन बसणारा रिटचर आला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची सुरकुती तिथं पारदर्शक रेघ होऊन दिसते. त्या रेघेवर पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटवर सुरकुती उजळते. पेन्सिल फक्त उजळवू शकायची. एखादा भाग गडद करायचा तर सुरीच्या टोकानं इमल्शन हळूच खरवडावं लागे, आणि हात चुकला की काच वाया. आजच्या सॉफ्टवेअरमधलं ‘डॉज’ आणि ‘बर्न’ हे डार्करूममधून आलेले शब्द आहेत, आणि काम तेच: थोडं उजळ, थोडं गडद.

फोटोशॉप थॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिलं. पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली. चेहऱ्याचं काम करणाऱ्याला मात्र दोन साली खरा दिलासा मिळाला. १९९४ मध्ये लेअर आले, म्हणजे मूळ फोटोला धक्का न लावता वरच्या थरावर काम करता येऊ लागलं. २००२ मध्ये हीलिंग ब्रश आला. त्याआधी क्लोन स्टॅम्प होता, पण तो एका जागची कातडी जशीच्या तशी दुसरीकडे छापतो. हीलिंग ब्रश पोत तिकडून घेतो आणि रंग-उजेड इथल्याशी जुळवतो. कपाळावरचा मुरूम हीलिंगनं काढा. पण केसांच्या कडेला, ओठांच्या काठावर, नथीच्या मोत्यालगत क्लोन स्टॅम्प घ्या, कारण तिथं हीलिंग बाजूचा गडद रंग आत ओढून डाग पाडतं.

सुरुवात अशी करा. फोटो उघडला की सगळ्यात वर एक रिकामा लेअर घ्या. स्पॉट हीलिंग ब्रश निवडून वरच्या पट्टीत ‘सॅम्पल ऑल लेअर्स’वर टिक करा. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा ठेवा आणि घासू नका, टिचकी द्या. फोटो शंभर टक्के आकारात पाहून काम करा आणि मधूनमधून पूर्ण चेहरा दिसेल इतकं मागे या. जवळून जे खुपतं, त्यातलं निम्मं अल्बमच्या पानावर दिसतच नाही. हात जास्त चालला असं वाटलं तर त्या लेअरची ओपॅसिटी कमी करा. केलेलं काम न मोडता फिकं होतं. पैसे भरायचे नसतील तर गिम्पमध्ये आणि ब्राउझरवर चालणाऱ्या फोटोपीतही लेअर, हील आणि क्लोन ही तिन्ही आहेत. फोनवरच्या स्नॅपसीडमध्येही हीलिंग आहे.

कातडी मऊ करण्याच्या मोहाबद्दल मला आग्रहानं लिहायचं आहे. ब्लर हा सोपा उपाय वाटतो, पण ब्लर डागाबरोबर रंध्रंही खातो, आणि रंध्रं गेली की चेहरा प्लास्टिकचा होतो. ‘फ्रिक्वेन्सी सेपरेशन’ या पद्धतीत फोटोचे दोन थर करतात: एकात रंग आणि सावल्या, दुसऱ्यात बारीक पोत. सावलीचा ठिगळपणा रंग-सावल्यांच्या थरावर मऊ करायचा, पोताला हात लावायचा नाही. याहून सुरक्षित वाट डॉज-बर्नची. सॉफ्ट लाइट मोडमध्ये पन्नास टक्के राखाडी रंगाचा लेअर घ्या आणि पाच टक्क्यांच्या आसपास फ्लो ठेवून पांढऱ्या-काळ्या ब्रशनं हलके हात फिरवा. वेळ लागतो, पण माणूस माणूस राहतो.

आता पुन्हा हळदीकडे. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये काढलेले हवेत. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर हळद न लागलेल्या पांढऱ्या वस्तूवर टेकवा: एखाद्या काकांची टोपी, धोतराचा वरचा भाग. समारंभाआधी त्याच दिव्यांत राखाडी कार्ड धरून एक फोटो घेतला असेल तर उत्तमच. मग रंगांच्या पट्ट्या बघा. हळद आणि सोनं मुख्यतः यलोमध्ये, आपली कातडी ऑरेंजमध्ये आणि काही प्रमाणात रेडमध्ये. दात पांढरे करायला यलो अख्ख्या फोटोवर कमी करू नका. दातांपुरता मास्क, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर ठेवणारा पडदा, घ्या. लाइटरूममध्ये २०२२ पासून माणसाची त्वचा, दात, ओठ, केस वेगवेगळे निवडून देणारे मास्क आहेत. हळदीच्या चेहऱ्यावर मात्र त्यांच्यावर सगळं सोपवू नका, कारण हळद आणि कातडी एकाच मास्कमध्ये येतात. ब्रशनं हळदीचा भाग वजा करा.

याच ऑरेंजची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणाची, पट्टी उजवीकडे ढकलली की सगळे गोरे होतात. ‘जरा उजळ करून द्या’ ही मागणी स्टुडिओंना नवी नाही, आणि ती मला दर वेळी टोचते. कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला वापरली जाणारी ‘शर्ली कार्डं’ वर्षानुवर्षं गोऱ्या बाईच्या चेहऱ्याची होती, म्हणजे यंत्राच्या मापातच एक वर्ण बसवलेला होता. गुगलनं २०२२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचापट्टी स्वीकारली. हिंदुस्तान युनिलिव्हरनंही २०२० मध्ये आपल्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढलं. नवरीचा चेहरा उजेडात आणा, सावलीतून बाहेर काढा, पण तिचा वर्ण तिच्या हातांशी आणि शेजारी उभ्या बहिणीशी जुळला पाहिजे. चेहरा गोरा आणि मेंदीचे हात सावळे असे फोटो अल्बमात बघवत नाहीत.

एका क्लिकवर सगळं करणारी एआय साधनं आता हाताशी आहेत. फोटोशॉपमध्ये न्यूरल फिल्टर २०२० साली आले. फोनवर तर कितीतरी ॲप आहेत. शेकडो फोटोंची पहिली चाळणी म्हणून ती उपयोगी पडतात. पण डाग आणि खूण यांतला फरक त्यांना सांगावा लागतो. बाळाच्या गालावरची काजळाची तीट अशा साधनाला डाग वाटू शकते. आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदणही. म्हणून सगळ्या फोटोंना एकदम लावण्याआधी एका फोटोवर चालवून बघा, आणि तीट किंवा गोंदण गेलं असेल तर त्या जागी एआयच्या थराच्या मास्कवर काळा ब्रश फिरवून मूळ परत आणा. ओळखपत्राच्या फोटोला मात्र यातलं काहीच लावू नका. पासपोर्ट केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथंच काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा न्यावा लागतो, तो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आणि जसा आहे तसाच हवा.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे जुनी तसबीर. विमानतळासाठी मूळ उलवे गाव, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली अशी दहा गावं उठली. नव्या घराच्या भिंतीवर आजोबांचा फोटो लावायचा असतो, आणि हाती असतो तो डागाळलेला पासपोर्ट साइज किंवा लग्नाच्या ग्रुपमधला नखाएवढा चेहरा. फोनवरून फोटोचा फोटो काढू नका. सहाशे डीपीआयनं स्कॅन करा. ३५ मिलिमीटर रुंदीच्या प्रिंटमधून अशा स्कॅननं सुमारे ८२७ पिक्सेल मिळतात, दीडशे डीपीआयनं छापलं तर साडेपाच इंच रुंदी. त्याहून मोठी फ्रेम हवी असेल तर चेहरा ताणण्यापेक्षा भोवती रुंद माउंट ठेवा. ग्रुपमधला चेहरा तीस-चाळीस पिक्सेलचाच असेल, तर एआय त्यात भर घालतं ती दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाची. डोळे तरतरीत होतात, पण ते आजोबांचे असतीलच असं नाही. ओरखडे, बुरशी, घडी स्वतः हीलिंगनं काढा, चेहरा मऊ दिसला तर मऊ राहू द्या. छापण्याआधी ज्यांनी आजोबांना पाहिलं आहे अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्क्रीनवर दाखवा: भुवई अशीच होती का, तीळ कुठल्या गालावर, टोपी कशी घालायचे. मूळ स्कॅन टिफ फाइलमध्ये हात न लावता वेगळा ठेवा, आणि पेन ड्राइव्हवर घरच्यांना मूळ आणि साफ केलेली अशा दोन्ही फाइली द्या.