उजेड दिसला तर डबा परत

डबा नागपूरहून आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. वरठीजवळच्या एका राईस मिलच्या फलाटाला ट्रेलर मागे घेत घेत लागला. मुकादम रिकाम्या कंटेनरात शिरला, मागोमाग मी. ड्रायव्हरने बाहेरून दोन्ही दारं लावून घेतली. आत मिट्ट काळोख, गंजाचा वास, पत्र्याची धग.

"उजेड दिसून राह्यला का जी कुठं?"

डोळे सरावले तसा छताच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला. मुकादमाने दारावर थाप मारली. "परत ने भाऊ. जिथून ऊन येते, तिथून पाणीही येते." बोटीवरच्या प्रवासात तांदळाला बुरशी लागायला तेवढं छिद्र पुरतं.

ड्रायव्हर कुरकुरला. रिकाम्या फेऱ्याचं डिझेल, टोल आणि बुडालेला दिवस कोणाच्या माथी, यावर फोनवर बराच वेळ घासाघीस चालली. हा हिशेब इथला नेहमीचाच. भंडाऱ्यातून तांदूळ जातो. पण समुद्रापलीकडून डबाभर माल मागवणारं इथं फारसं कोणी नाही. त्यामुळे रिकामा डबा साठेक किलोमीटरवरून, नागपूरहून आणावा लागतो. येतानाचं ते भाडं शेवटी पोत्यावरच बसतं.

दुसरा डबा येईपर्यंत मिलमालकाने जुना काळ काढला. रेल्वेने कंटेनर पाठवायचा तर वर्षानुवर्षं एकच दार होतं : 1988 साली स्थापन झालेली सरकारी कॉनकॉर. नागपुरात अजनीला तिचा डेपो होता. 2006 मध्ये केंद्राने हा धंदा खासगी कंपन्यांना खुला केला. देशभर गाड्या चालवायच्या तर परवान्याचे 50 कोटी, ठरावीक मार्गांपुरते 10 कोटी. वाघिणी कंपनीने आणायच्या. इंजिन, रूळ आणि लोको पायलट रेल्वेचे, ओढाईचा दरही रेल्वेच ठरवणार. दुकानं अनेक झाली, गिरणी एकच राहिली.

आणि गाडी मोकळी झाली म्हणून माल मोकळा होतोच असं नाही. 20 जुलै 2023 ला बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर 20 टक्के शुल्क आलं. 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत दोन्ही उठलं. "तेव्हा डबे होते, गाड्या होत्या, पाठवायचं काय?" मालक म्हणाला.

दुपारी दुसरा डबा आला. आत शिरलो, दारं लागली. काळोख, नुसता काळोख. पास!

मग हमालांची लगबग सुरू झाली. तळाला आणि भिंतींना जाड खाकी कागद, कारण रात्री गारव्याने पत्र्याला आतून घाम सुटतो. ओल शोषणाऱ्या पिशव्या कड्यांना लटकवल्या. मग पोती. फलाटावरून पाठीवर पन्नास किलो घ्यायचं, धावतच आत जायचं, खांदा झुकवून टाकायचं. एक थर आडवा, एक उभा, म्हणजे थप्पी हलत नाही. मोजणारा दर दहाव्या पोत्याला खडूने भिंतीवर रेघ ओढत होता. 520 पोती, 26 टन. शेवटचं पोतं बसवलं तेव्हा हमालांचे बनियन पिळून काढण्याजोगे झाले होते. आता ही पोती कोणाच्या पाठीवर चढतील ती थेट परक्या मुलुखातच. कंटेनरची सारी करामत एवढीच, की वाटेत दार उघडायचं नाही. धंदा खुला करायचा तो डबा बंद राहावा म्हणून.

दारं लागली. जाड खिळ्यासारखं सील कडीत बसवून खटकन दाबलं. मुकादमाने त्यावरचा नंबर दोनदा मोठ्याने वाचला, ड्रायव्हरने बिल्टीशी ताडून पाहिला.

अंधार पडताना ट्रेलर निघाला. मीही केबिनमध्ये बसलो. थोडं पुढे गेलो तर फाटक पडलेलं. कंटेनरांनी लादलेली एक मालगाडी आमच्यासमोरून नागपूरकडे धडधडत गेली, संपता संपेना.

"हिच्यावरच चढवायचा ना आपलाही?" मी विचारलं.

"हिच्यासारख्याच एखादीवर," ड्रायव्हर म्हणाला. "पण ते इथं थांबत नाही ना जी. आपल्यालेच तिच्यामागं नागपूरले जा लागते."

फाटक उघडलं. त्याने गिअर टाकला.